खालचा डबा

३ नोव्हेंबर, मंगळवार

'तीन बॉयलर' आज पूर्ण ऐकला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न उठता. दाराची बेल वाजली तरी उठले नाही. महत्त्वाचं कोणी असेल तर परत येईल.

काय हिंमत आहे या लोकांची! पहिलं गाणं सहा मिनिटांचं. त्यातली चार मिनिटं नुसती यंत्राची घरघर आणि लांब कुठेतरी पत्र्यावर हातोडा. ड्रम नाहीत, गिटार नाही, काही म्हणजे काही नाही. आता येईल, मग येईल म्हणून आपण बसतो आणि येतच नाही! ऐकणाऱ्याला असं ताटकळत ठेवायला छाती लागते. दहापैकी साडेआठ.

नवरा आंघोळ करून बाहेर आला आणि म्हणाला, "मिक्सर बिघडलाय का गं?"

एकोणीस वर्षं संसार केला, पण या माणसाच्या कानात काही शिरलं नाही. वर म्हणतो कसा, "दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासतेस, तो किर्रर्र आवाज ऐकतेस आणि घरी येऊन पुन्हा तेच लावतेस?" मी म्हटलं, दुकानातला आवाज मालकाचा, हा माझा.

४ नोव्हेंबर, बुधवार

'तीन बॉयलर' परत. साडेआठ नाही, नऊ.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

कामावरून येताना डिस्कवाल्याकडे डोकावले. जुन्या सीडी विकतो तो. एकेकाळी ड्रम वाजवायचा. आता पोट सुटलंय, पण काउंटरवर बोटं अजून गप्प बसत नाहीत. माझ्यासाठी एक सीडी बाजूला ठेवली होती, मुखपृष्ठावर जबडा आणि त्यात एकच हिरवा दात. म्हणजे वहीत तिचं नाव 'हिरवा दात'. खरी नावं लांबलचक असतात, मी लिहीत नाही. चित्रात जे दिसेल तेच नाव.

पैसे देत होते तेवढ्यात म्हणाला, "ताई, एकोणतीसला आम्ही वाजवतोय. सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. नऊ वर्षांनी! सगळे येतायत. एक सोडून."

तो एक कोण ते विचारायची गरज नव्हती. माझा धाकटा भाऊ. याच बँडमध्ये गिटार वाजवायचा. दोन गिटारवाले होते, त्यातला दुसरा.

"का नाही म्हणतो?"

डिस्कवाला उगाच सीडी पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "तो म्हणतो, मी त्या अल्बममध्ये कुठेच नव्हतो, आता स्टेजवर येऊन काय करू? ताईला विचारा म्हणतो."

ते शब्द माझेच आहेत.

७ नोव्हेंबर, शनिवार

रात्र वाईट गेली. सकाळी माळ्यावरून जुनी वही काढली. नऊ वर्षांपूर्वीची. सापडलं ते पान.

"'मोडकी खुर्ची'. धाकट्याच्या बँडचा पहिला अल्बम. गायक बरा. ड्रम चांगले. एक गिटार कोरडी, सरळ, उगाच मिरवत नाही. दुसरी गिटार नावालाच. तीनदा ऐकला. चौथ्या गाण्यात नुसती हिसहिस, इथे रेकॉर्डिंग फसलंय. धाकटा कुठेच सापडला नाही. दहापैकी पाच, त्यातला एक मार्क घरचा म्हणून."

हे एवढं वहीतच राहिलं असतं तर! पण मला कुठे राहवतंय. त्या रविवारी आईकडे सगळे जेवायला जमलो होतो. धाकट्याचं लग्न नुकतंच ठरलेलं, त्याची होणारी बायकोही आली होती. आईनं कौतुकानं विचारलं, "कशी झालीये गं याची सीडी?" आणि मी भरल्या ताटावर म्हटलं, "तू आहेस तरी कुठे त्यात? मला तर कुठेच सापडला नाहीस. तुझ्यावाचून त्यांचं काही अडलेलं दिसत नाही!"

सगळे हसले. तोही हसला. महिन्याभरानं कळलं, त्यानं गिटार विकली.

नऊ वर्षं झाली. भांडण नाही, अबोला नाही. फोन केला की "बरी आहेस ना ताई? भाऊजी बरे ना? चल, कामावर आहे." लिफ्ट दुरुस्त करतो तो. जेव्हा बघावं तेव्हा कुठल्या तरी लिफ्टमध्ये कोणीतरी अडकलेलं असतं आणि हा पळालेला असतो.

आज फोन केला. "एकोणतीसचं ऐकलं रे."

"हं. ताई, नंतर बोलू? लिफ्टच्या टपावर आहे."

आता मी तरी काय करू? खोटं बोलायला हवं होतं का? भाऊ म्हणून दहापैकी नऊ द्यायचे? नाही दिले. नाही सापडला तो, तर नाही सापडला! मला जे ऐकू आलं ते मी सांगितलं.

पण ताटावर सांगायची काही गरज नव्हती. तेवढं खरं.

८ नोव्हेंबर, रविवार

'हिरवा दात' ऐकला. मेटल. शुद्ध, जाडजूड, खणखणीत मेटल. ड्रमवाल्याला चार पाय असावेत.

गायकाची तऱ्हा अजब आहे. अर्धंच वाक्य गुरगुरतो आणि थांबतो. उरलेलं अर्धं आपण मनात पूर्ण करायचं. सगळ्या गाण्यांत तेच! एवढं न बोलता बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता, नवरा सोडून. साडेआठ.

१० नोव्हेंबर, मंगळवार

आजचं अक्षर बघा.

बाहेरच्या खोलीला रंग काढलाय. रंगारी सकाळी आठला आला. मी सुट्टी घेतली होती, कारण माझ्या सेटला परक्या माणसाचा हात मी लावू देत नाही. पण शेल्फ जड. शेवटी म्हटलं, धरा बाबा तुम्ही एका बाजूनं.

जागा नाही म्हणून या घरात आल्यापासून दोन्ही स्पीकर शेल्फवर एकावर एक ठेवलेत. नवरा त्यांना डबे म्हणतो. वरचा डबा आणि खालचा डबा. अकरा वर्षं तसेच आहेत. मी समोर खुर्ची टाकून बसते, आवाज शेल्फमधून येतो, झालं. हेडफोन मी वापरत नाही, कानात बोळे घालून काय ऐकायचं! आणि फोनवर ऐकलेलं मत माझ्या वहीत चढत नाही. नियम म्हणजे नियम.

तर रंगाऱ्यानं शेल्फ पुढे ओढलं, मागे वाकून बघितलं आणि म्हणाला, "बाई, खालचा डबा बंदच ठेवता का तुम्ही?"

"का बंद ठेवीन?"

"मग ही वायर कुठेच लागलेली नाही. टांगलीय नुसती."

मी त्याला बाजूला सारून भिंतीच्या आणि शेल्फच्या मध्ये डोकं घातलं. वरच्या डब्याची वायर अँप्लिफायरला. खालच्या डब्याची वायर — गुंडाळी करून, रबर लावून, खिळ्याला अडकवलेली. अकरा वर्षांची धूळ तिच्यावर. टोकाची तांब्याची तार चकचकीत, कुणी हातच लावलेला नाही.

खालचा म्हणजे डावा. डावा स्पीकर अकरा वर्षांत एकदाही वाजलेला नाही!

नवीन घरात आलो तेव्हा हा सेट नवा घेतला. त्याआधी सासरी एका डब्याचा रेडिओ होता. त्याआधी बाबांचा सेट, तो दोन स्पीकरचा, पण ते लहानपणी. मला कळावं तरी कसं? एकावर एक! दोघांतून येतंय की एकातून, काय समजणार!

वायर जोडली. खोलीतलं सामान सगळं मधोमध, म्हणून एक डबा या भिंतीशी ठेवला, एक त्या भिंतीशी. मी आपोआप डाव्या बाजूला जाऊन जमिनीवर बसले, पाठ टेकून. बाबांच्या सेटपुढे बसायचे तशी. 'तीन बॉयलर' लावला.

यंत्राची घरघर. पत्र्यावर हातोडा. आणि मग माझ्या डाव्या कानाशी, अगं बाई गं, ड्रम! पहिल्या सेकंदापासून ड्रम! एवढाले, गोदामभर घुमणारे, आणि त्यांच्या पाठोपाठ एक बाई गातेय, खोल, शांत आवाजात! चार मिनिटं ती गातेय आणि मी इकडे त्यांच्या शांततेला नऊ मार्क देऊन बसलेय!

मी ओरडले. रंगारी ब्रश टाकून धावत आला. "करंट लागला का बाई?"

म्हटलं, "हो! बसा इथे, ऐका!"

बसला बिचारा. दोन गाणी ऐकली. मग म्हणाला, "मला हातोडा बरा वाटला."

११ नोव्हेंबर, बुधवार

नवऱ्याला धारेवर धरलं. "अहो, एक वायर जोडायची ती अर्धीच जोडलीत?"

"मी नाही जोडली."

"मग भुतानं जोडली?"

"त्या दिवशी पाच-सहा जण सामान वाहत होते. मी गॅसची नळी बसवत होतो. तू जुन्या घरी किल्ल्या द्यायला गेलीस. आलीस तर सेट वाजत होता. एवढं मला आठवतं."

हात वर करायला बरं! मी अकरा वर्षं अर्ध्या कानानं जगले आणि हे गॅसच्या नळीमागे लपतायत. आज चहात साखर घातली नाही. त्यांनी मुकाट्यानं प्यायला, म्हणजे गुन्हा कबूल.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

आणखी एक दिवस सुट्टी. मालकाला सांगितलं, कान तपासायचाय. खोटं कुठे आहे?

सकाळी नऊपासून बसलेय. आजची फजिती लिहून ठेवते, माझ्यानंतर कोणी वाचलीच तर हसायला मिळेल.

'हिरवा दात'चा गायक अर्धं वाक्य बोलून थांबत नाही. डावीकडे दुसरा गायक आहे, तो पुढचं अर्धं ओरडतो! दोघं जुंपलेत एकमेकांशी, शेजारणी नळावर भांडाव्यात तसे. आणि मी याला न बोलणारा माणूस म्हणत होते. हसून हसून पोट दुखलं.

'गंजकी शिडी'बद्दल मी सहा वर्षांपूर्वी लिहिलंय, "बेस गिटार न घेता अख्खा अल्बम करणं हा या शतकातला सर्वांत शहाणा निर्णय." बेस आहे. डावीकडे. खिडकीची तावदानं हलली.

'रडकी घुबडं' मला अजिबात आवडला नव्हता. "मुळमुळीत. तोंडात पाणी धरून गातात." चार मार्क. आज ऐकला आणि दुसऱ्या गाण्यात डोळ्यांत पाणीच आलं. व्हायोलिनसारखी ताणलेली एक गिटार आहे त्यात, बाई, ती गातच राहते, गातच राहते, आणि गायक मुद्दाम हळू गातो, तिला जागा देतो. मी त्या माणसाला मुळमुळीत म्हटलं! साडेनऊ. अर्धा राखून ठेवलाय, कारण शेवटचं गाणं खरंच लांबलंय. तेवढं माझं जुनं मत बरोबर होतं. कुठेतरी मी बरोबर असायला नको का?

दोनशे अकरा सीडी आहेत माझ्याकडे. दोनशे अकरा! सगळ्या पुन्हा नव्या! या वयात एवढी श्रीमंती कोणाला मिळते? संध्याकाळी हे आले तेव्हा मी खोलीच्या मधोमध नाचत होते, पायाखाली रंगाऱ्याचे पेपर. त्यांनी दार लावून घेतलं, शेजारी बघतील म्हणून. मग चपला काढल्या आणि तिथेच उभे राहून म्हणाले, "हे जरा बरं वाटतंय." पहिल्यांदा!

चहात साखर घातली.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

'मोडकी खुर्ची' अजून लावलेली नाही. शेल्फवरून माझ्याकडे बघतेय.

१४ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी दोन वाजता लावली. नवऱ्याला बाजारात पिटाळलं होतं.

तो आहे.

पहिल्या गाण्याच्या पहिल्या ठोक्यापासून आहे. पूर्ण डावीकडे, अगदी भिंतीला चिकटून, एका क्षणासाठीही मध्ये येत नाही. उजवीकडची गिटार कोरडी, सरळ, तिला मी ओळखतेच. आणि डावीकडे धाकटा! ती कोरडी गिटार प्रश्न विचारते आणि हा उत्तर देतो. कधी लगेच, कधी मुद्दाम उशिरा, चिडवल्यासारखं. चौथ्या गाण्यात सगळे थांबतात आणि याची एकट्याची आठ आवर्तनं आहेत. नऊ वर्षांपूर्वी मला तिथे नुसती हिसहिस ऐकू आली होती. मी लिहिलंय, "इथे रेकॉर्डिंग फसलंय." कप्पाळ माझं!

त्याचा हात ओळखू येतो. लहानपणी जेवताना ताटाच्या कडेवर बोटांनी जे वाजवायचा, दोन पटकन आणि एक रेंगाळणारा, तेच आहे. आई रागवायची. मी म्हणायचे, वाजवू दे गं. मीच त्याला पहिली सीडी ऐकवली होती. मीच त्याला सांगितलं होतं, गोंगाटातसुद्धा एक माणूस शोधायचा असतो.

आणि मला तोच सापडला नाही.

रडले. खूप रडले. मग परत लावली आणि परत रडले, पण दुसऱ्यांदा आनंदानं. इतकं सुंदर वाजवतो माझा भाऊ! मार्क देत नाही. माझी लायकी नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार

सकाळी आठलाच फोन केला. शब्द एकावर एक पडत होते. "अरे, तू आहेस! डावीकडे आहेस! वायर लागलेलीच नव्हती, अकरा वर्षं, रंगाऱ्यानं शेल्फ ओढलं म्हणून —"

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "डिस्कवाल्यानं तुला पाठवलं ना?"

"कोणी नाही पाठवलं!"

"ताई, मला वाईट वाटू नये म्हणून हे सगळं नको करूस. नऊ वर्षांनी वायर? जाऊ दे. जुनं झालं. माझा राग नाहीये."

"अरे पण शपथ —"

"बरी आहेस ना? भाऊजी बरे ना?"

नवऱ्याकडे फोन दिला, तुम्ही तरी सांगा म्हणून. ते म्हणाले, "वायर नव्हती रे लागलेली. पण मी नाही हं जोडली." या माणसाला काय सुचतं, आणि कधी!

त्याला खोटंच वाटलं. मला तरी दुसऱ्या कोणी असं सांगितलं असतं तर पटलं असतं का?

१७ नोव्हेंबर, मंगळवार

कामावर लक्ष नाही. गेली बावीस वर्षं मी प्रत्येक चष्मा हातातून जाताना बघते, डावी काच डावीकडे, उजवी उजवीकडे, मगच शिक्का. एकदाही चूक नाही. मालक नवीन मुलींना माझं उदाहरण देतो. आज देत होता आणि मी खाली मान घालून काच घासत होते. याला घरचं कळलं तर!

संध्याकाळी डिस्कवाल्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला. एवढा हसला की काउंटर धरावं लागलं. मग हसू आवरून म्हणाला, "म्हणजे ताई, तुम्ही त्याला कधी ऐकलंच नव्हतं?"

"नाही."

"मग सांगू नका. नेऊन ऐकवा."

"सीडी त्याच्याकडे आहेच की."

"त्याच्याकडे नाही. गिटार विकली तेव्हा तीही मलाच देऊन गेला."

१९ नोव्हेंबर, गुरुवार

ठरलं. रविवारी जायचं. न कळवता. कळवलं की लिफ्ट बंद पडते.

२२ नोव्हेंबर, रविवार

टॅक्सीत पुढे नवरा, मांडीवर अँप्लिफायर आणि सीडी प्लेअर. मागे मी, एका बाजूला वरचा डबा, दुसऱ्या बाजूला खालचा. ड्रायव्हर म्हणाला, "घर बदलताय का?" नवरा म्हणाला, "नाही, माफी मागायला चाललोय." ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे बघितलं.

धाकट्यानं दार उघडलं, अंगात बनियन, हातात पेपर. "ताई? हे काय?"

"सरक."

भावजय आतून आली, मला बघितलं, डबे बघितले आणि टेबलावरचं सगळं उचलून जागा करून दिली. शहाणी आहे ती. त्या दिवशी आईकडे ताटावर तीही होती.

मी वायरी जोडल्या. माझ्या हातानं, दोन्ही. मग त्याला म्हटलं, "आता बघ. मला तेव्हा काय ऐकू आलं होतं ते." आणि डावी वायर काढली.

'मोडकी खुर्ची' लावली. कोरडी गिटार, गायक, ड्रम. तो उभाच होता, पेपर हातात. पहिलं गाणं संपलं. चौथं लावलं. सगळे थांबले. हिसहिस. नुसती हिसहिस, आठ आवर्तनं.

त्याचा चेहरा बघवत नव्हता. त्याला तिथे काय असायला हवं ते माहीत होतं ना.

"हे ऐकलंस तू?" म्हणाला.

"हेच. तीनदा."

मग वायर लावली आणि तेच गाणं पुन्हा. तो आला. भिंतीशी, डावीकडून, दोन पटकन आणि एक रेंगाळणारा. भावजयीनं तोंडावर हात ठेवला. तिनंही कधी ऐकलं नव्हतं! घरात सीडीच नव्हती.

गाणं संपलं. मी म्हटलं, "चुकले रे. वायरीचं सोड, ती कोणाची चूक असेल ती असो. पण मला सापडला नाहीस तर मी तुला येऊन विचारायला हवं होतं. चारचौघांत हसायला नको होतं. ती चूक माझी. वायर लागलेली असती तरी माझीच."

तो खाली बसला. बराच वेळ पेपरची घडी घालत होता, उलगडत होता.

"ताई, तुला माहितीये का, मी डावीकडे का आहे?"

"का?"

"तो रेकॉर्डिंगवाला मला मध्ये ठेवत होता. मी भांडलो त्याच्याशी. म्हटलं, मला पूर्ण डावीकडे टाक. बाबांच्या सेटपुढे तू कायम डावीकडे बसायचीस. मला म्हणायचीस, ही माझी जागा, तू तिकडे जा. म्हटलं, म्हणजे मी थेट ताईच्या कानात."

नवरा खिडकीबाहेर बघत होता आणि नाक पुसत होता.

मी विचारलं, "एकोणतीसला?"

"गिटार कुठाय? आणि बोटं बघ." बोटं पुढे केली. "मऊ पडलीत. नऊ वर्षं ग्रीस आणि पाने. एका आठवड्यात कसं जमेल?"

"डिस्कवाला देईल की गिटार."

"बघू."

बघू म्हणजे त्याचं नाहीच असतं, लहानपणापासून. मी जास्त ताणलं नाही. सेट तिथेच ठेवून आले. आठवडाभर ऐक म्हटलं, मग आणून दे. निघताना दारात त्यानं वाकून, लहानपणी करायचा तशी, माझ्या डोक्यावर टपली मारली. नऊ वर्षांत मारली नव्हती.

२३ नोव्हेंबर, सोमवार

घर खायला उठलंय. हे जेवता जेवता म्हणाले, "सुनंसुनं वाटतंय गं. ती घुबडंवाली सीडी बरी होती." मी घास तसाच हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

धाकट्याचा फोन नाही. केलाही नाही मी. केला तर म्हणेल, बरी आहेस ना ताई.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी सात. धाकट्याचा फोन.

"ताई, ओरडू नकोस. काल संध्याकाळी तुझे डबे सरकवले आणि वायरी परत जोडायला बसलो. एक जोडली, दुसरी हातात घेतली, आणि एकदम आठवलं. तुमचं घर लागलं त्या दिवशी सेट मी जोडला होता! वरचा झाला, खालच्याची वायर हातात होती, तेवढ्यात फोन आला. लिफ्टमध्ये तिघं अडकले होते. म्हटलं, येऊन लावू. रबर लावलं, खिळ्याला टांगली आणि पळालो."

मी स्वयंपाकघराकडे बघितलं.

"ऐकतेयस ना? म्हणजे तू खरंच सांगत होतीस, ताई. मी नव्हतोच तिथे! मला मीच जोडलं नव्हतं!"

आणि तो हसायला लागला. मग मी. मागून भावजय. पाच मिनिटं नुसते हसत होतो, फोनचे पैसे गेले तर गेले. मध्येच तो "आई गं" म्हणून ओरडला. म्हटलं, काय झालं रे?

"काही नाही गं. बोटांना फोड आलेत. डिस्कवाल्याकडून गिटार आणलीय, कालपासून वाजवतोय."

आत हे चहा गाळत होते. मी जाऊन त्यांच्या पाया पडले.